एका घरात तीन इयत्ता: बालभारतीस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे

विषय: पहिली ते आठवीच्या पुस्तकांचा विषयवार तक्ता प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,


आपल्या मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. म्हणजे या महिन्यात बालभारती साठाव्या वर्षात येते आहे. त्याच्या शुभेच्छा देते आणि लगेच कामाचं बोलते, कारण मधला मुलगा परातीत कणीक मळतोय आणि ती मळून झाली की माझी बारी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला राहते. घरी तीन मुलं आहेत: थोरली आठवीच्या वयाची, मधला पाचवीच्या, धाकटी दुसरीच्या. तिघंही घरीच शिकतात. का, याची कैफियत मी इथे मांडत नाही. एकेका घराची कारणं एकेका घरापाशी असतात आणि ती सांगत बसलं की मुद्द्याचं राहून जातं. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्यांनाही कारणांत फारसा रस नसतो. त्यांचा प्रश्न ठरलेला: "अवो बाई, पोरायले घरीच ठेवता? मंग सर्टिफिकेट कोन देईन?"

त्याचं उत्तर आता अवघड राहिलेलं नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा टप्प्यांवर परीक्षा घेतं. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पाचवीला आणि तेरा पूर्ण झालेलं आठवीला बसू शकतं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून आहे. चौदा पूर्ण झाल्यावर तिथे पाच विषय घेऊन दहावी देता येते, आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते. बाहेरून दहावी-बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे पानटपरीवरही माहीत असतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं म्हणतो, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. आमच्यासारखी घरं त्या फटीत बसलेली आहेत. फट बुजवायची की रुंद करायची, ते वकील आणि न्यायालयं बघतील. कोणी वाद घालायला लागलं की मुंबईच्या मालविका जोशीचं नाव पुढे करायचं, अशी घरी शिकवणाऱ्या मंडळींत एक रीतच आहे: शाळा सोडून घरी शिकली, संगणक ऑलिंपियाडची पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये बारावीच्या कागदाशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. खरंच कौतुकाची गोष्ट आहे. पण एका मुलीच्या पदकांवर दुसऱ्या घराची उठबस ठरत नाही, आणि माझी अडचण एमआयटीच्या फार अलीकडची आहे.

अडचण अशी की अभ्यासक्रम निवडायला बसलं की जो तो अभ्यासक्रम घरात एकच मूल आहे असं धरून चालतो.

परदेशी अभ्यासक्रमांचे खोके मिळतात, इयत्तेगणिक एक, किंमत डॉलरमध्ये. ते उघडले की गणितात सेंट आणि डाईम, विज्ञानात बर्फवृष्टी. आमच्या धाकटीने बर्फ पाहिलाय तो बर्फगोळेवाल्याच्या गाडीवर. खासगी प्रकाशकांचे इंग्रजी संच मिळतात, तेही इयत्तेगणिक, आणि त्यातली निम्मी पानं पालकांनी मुलाकडून प्रकल्प करून घ्यावेत म्हणून असतात. थर्माकोल आणि ग्लिटर विकणाऱ्यांचं त्यात कल्याण आहे. सगळं चाळून झाल्यावर मी तुमच्याच पुस्तकांकडे आले. मराठी सरळ आहे, किंमत परवडते, तुमच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवता येतात, आणि उद्या परीक्षेला बसायचं तर शेवटी हाच पाया लागतो. आणखी एक कारण तुमच्या 'किशोर' मासिकाचं. १९७१ पासूनचे जुने अंक तुम्ही सगळ्यांसाठी खुले करून ठेवलेत. संध्याकाळी एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, यात सात वर्षांची आणि तेरा वर्षांची एकाच वेळी रमतात. ते करणाऱ्यांना माझा दंडवत सांगा.

पण पुस्तकं निवडली म्हणून दिवस भागत नाही. तीन मुलांचे तीन संच मांडले की दिवसाला पंधरा-सोळा धडे होतात. शिकवणारी मी एक. सोयाबीनच्या दिवसांत आणि कापसाच्या वेचणीत मी शेतातही लागते. बरं, धडे एकमेकांशी बोलत नाहीत. इतिहासाचंच घ्या. तुमच्या आजवरच्या रचनेत चौथीला शिवछत्रपती, पाचवीला आदिमानव, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ. शाळेतल्या मुलाला ही चढण ठीकच आहे. तो वर्षाला एक पायरी चढतो. माझ्या घरात मात्र एकाच सकाळी मधला गारगोटीची हत्यारं घासत असतो, थोरली १८५७ मध्ये असते, आणि धाकटीला इतिहास हा विषयच नसल्यामुळे ती दोघांच्या मधे बसून विचारते की राणी लक्ष्मीबाईने दगडाची तलवार का नाही घेतली. प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर द्यायला दगड, तांबं, लोखंड असा एक अखंड धागा लागतो. तुमच्या पुस्तकांत तो आहे, पण वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या पुस्तकांत तुकड्यातुकड्यांनी. तो मला स्वयंपाक उरकून रात्री शोधावा लागतो.

ज्यांच्याकडे घरी शिकवणारी पुष्कळ कुटुंबं आहेत, त्या अमेरिकेसारख्या देशात लोकांनी यावर साधा तोडगा काढलाय. वाचन-लेखन आणि गणित ज्याचं त्याला, त्याच्या पायरीवर. इतिहास, विज्ञान, भूगोल, गोष्टी सगळ्यांना एकत्र, एकच विषय. घरात वरण एकच शिजतं, तिखट ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यायचं, तसं. हे काही साता समुद्रापलीकडून आणलेलं शहाणपण नव्हे. पंतोजींच्या शाळेत सगळ्या वयाची पोरं एकाच ओसरीवर बसत आणि मोठा लहान्याची धुळाक्षरं तपासत असे. आपल्या देशातली ही रीत मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने पाहिली, १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि इंग्लंडमध्ये मद्रास पद्धत म्हणून तिचा गाजावाजा झाला. आपण मात्र पुढे इयत्तांच्या भिंती बांधल्या.

मी हे कसं करते, ते एका पावतीवरून सांगते.

यंदा कापूस विकून आल्यावर काट्याची पावती मी मुलांपुढे ठेवली. भरलेली गाडी २,८७० किलो, रिकामी १,६३०. धाकटीला शंभराच्या पुढचे आकडे अजून जड जातात, म्हणून तिच्याकडे दोनच कामं: आकडे वाचून दाखवायचे आणि कोणता मोठा ते सांगायचं. मधल्याने वजाबाकी केली, १,२४० किलो निव्वळ, आणि क्विंटल करून दशांश चिन्ह नेमकं बसवलं, १२.४०. हमीभाव लांब धाग्याला २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. गुणाकार दोघांनी वेगवेगळा करून ताडून पाहिला: १,००,५६४. मग थोरलीचं काम सुरू झालं. ओलावा दहा टक्के भरला होता. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, वरच्या प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात, आणि बारा टक्क्यांवर गेला तर माल परत. म्हणजे दोन टक्के गेले, हाती ९८,५५२ रुपये ७२ पैसे. दोन हजारांच्या वर कपात. ती कुठे गेली, यावर घरात चर्चा झाली. थोरलीने सांगितलं की कापसात पाणी मुरलेलं होतं, ते वजनात आलं, पाण्याला कापसाचा भाव कसा देणार. धाकटी गप्प बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पण पाणी तं आपलंच होतं ना?"

यानंतर तासभर कोणीही पुस्तक उघडलं नाही आणि तरी बाष्पीभवन, दव, पहाटेची वेचणी आणि दुपारची वेचणी यांतला फरक, सरकीचं तेल, जिनिंग, गाठी, सगळं होऊन गेलं. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस वाळवून न्यावा, हे घरातल्या मोठ्यांना माहीत होतंच. मुलांना आता त्याचा दर माहीत झाला.

याला कोणी नवा प्रयोग म्हणेल तर मी हसेन. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायची नई तालीम तिथून निघाली. तेव्हाही मध्ये कापूसच होता, टकळीवरचा. माझ्या मते नई तालीमचा चरखा गेला याचं फार दुःख करू नये. एका कामाभोवती चार विषय आणि चार वयं बसवायची तिची शिस्त गेली, ते नुकसान मोठं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं तुम्ही करताच आहात, मग आमच्याकडे काय मागता? आणि घरी शिकवणारी घरं राज्यात असतील किती, त्यांच्यासाठी मंडळाने का राबावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आमच्यासाठी राबू नका. आमच्या भागातल्या तांड्यावरच्या शाळांसाठी राबा. दिग्रस, पुसद, दारव्हा आणि पलीकडे पोहरादेवीच्या बाजूला मानोरा, या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ, आणि तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळा लहान. शिक्षण हक्क कायद्याच्याच परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन गुरुजी ही अडचणीच्या वेळची तडजोड नाही, तो कायद्याचा हिशेब आहे. त्यातले एक गुरुजी बैठकीला किंवा माहिती भरायला गेले की उरले एक. पहिलीत येणारं पोरगं घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतं, त्याला मराठी कानावर पडायला मोठ्या पोरांच्या शेजारी बसणंच जास्त उपयोगाचं. गुरुजी काय करतात? तिसरीला फळ्यावर गणितं देतात, चौथीला वाचायला लावतात आणि पहिलीकडे वळतात. याला खात्यात बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणंही होतात. पण प्रशिक्षणाहून परत आल्यावर टेबलावर पुस्तकं असतात ती पाच इयत्तांची पाच, एकमेकांकडे पाठ केलेली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या छोट्या ग्रामीण शाळांनी अनेक वयांच्या एका वर्गासाठी पायऱ्यापायऱ्यांचं साहित्य करून दाखवलं आणि पुढे ते इतर राज्यांत गेलं. तेव्हा हे होत नाही असं नाही.

त्या गुरुजींची गरज आणि माझी गरज एकच आहे. फरक इतकाच की त्यांच्या वर्गात तीसेक मुलं असतात, माझ्याकडे तीन.

आता मागणी. पहिली ते आठवीचा एक विषयवार तक्ता हवा. त्यात इयत्ता आडव्या, विषयांचे धागे उभे. पाणी, नकाशा, अपूर्णांक, वजनमाप, अन्न, धातू, शेती, ग्रामपंचायत, असे पंचवीस-तीस धागे पुरेत. प्रत्येक चौकटीत पुस्तकाचं नाव, धडा, पान. उदाहरण देते. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तुम्ही जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलंत, यवतमाळचं यवतमाळला. मला ते तुमच्या सगळ्या पुस्तकांत सगळ्यात शहाणं वाटतं. आम्ही अरुणावतीच्या धरणावर गेलो तेव्हा धाकटीने भिंत, पाणी, कालवा एवढं काढलं. मधल्याने नकाशावर अरुणावतीचं पाणी पैनगंगेपर्यंत नेलं. थोरलीने तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला लावलं. तिघांना लागणारी पानं तुमच्याच पुस्तकांत होती. ती कुठे आहेत हे सांगणारा कागद मात्र नव्हता.

हा तक्ता करायला नवा धडा लिहावा लागत नाही, चित्रकार लागत नाही, समितीच्या फार बैठका लागत नाहीत. पुस्तकं करणाऱ्या तुमच्या विषयतज्ज्ञांच्या डोक्यात तो असणारच. फक्त बाहेर काढायचा आहे.

तक्त्याने सगळं सुटणार नाही, हेही माहीत आहे. अपूर्णांक ज्याचे त्यालाच करावे लागतात. वाचायला शिकणाऱ्या मुलाजवळ रोज कोणीतरी निवांत बसावंच लागतं, तिथे एकत्र वर्ग चालत नाही. थोरलीला कधीकधी लहानांबरोबर थांबायचा कंटाळा येतो आणि तो रास्त आहे. तिला बीजगणितासाठी दार लावून बसायला जागा दिली पाहिजे. म्हणून मी इयत्ता मोडा असं म्हणत नाही.

पुस्तकं बदलण्याबद्दलही एक सांगायचंय. मोठ्याची पुस्तकं धाकट्याला, ही आपल्या घरांची जुनी सोय. २०२३-२४ पासून पुस्तकं चार भागांत आली, मध्ये वहीसारखी कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी झालं हे मान्य. पण सगळे विषय प्रत्येक भागात थोडे थोडे वाटले गेल्यामुळे वर्षभराचं गणित सलग पाहायचं तर चार पुस्तकं उघडायची, आणि कोरी पानं मोठ्याने भरली की पुस्तक धाकट्याच्या उपयोगाचं राहत नाही. २०२५-२६ पासून ती योजना थांबली, बरं झालं. आता नवा अभ्यासक्रम येतोय. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, त्यानंतर पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि शेवटी २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी अशी क्रमवारी होती. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या वादात त्यामागचे शासन निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले, पण पहिलीचं नवं पुस्तक आलंच. त्याच क्रमाने पुढे गेलात तर येत्या जूनला माझी धाकटी आणि मधला नव्या पुस्तकात असतील आणि थोरली जुन्या. तांड्यावरच्या शाळेत चौथीचं पुस्तक नवं, पाचवीचं जुनं, गुरुजी तेच. दोन आराखडे एका खोलीत दोन वर्षं नांदणार आहेत. अशा वेळी जुनी पुस्तकं संकेतस्थळावरून काढून टाकू नका, 'किशोर'सारखीच ठेवा. नव्या पुस्तकांच्या शिक्षक हस्तपुस्तिकाही त्याच दिवशी सगळ्यांना खुल्या करा. त्या वाचायला डी.एड. लागत नाही.

आमच्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात जूनमध्ये तुमच्या पीडीएफ काढायला येणारी मी एकटी नसते. मागे उभ्या असलेल्यांत एखादे गुरुजी असतात, स्वतःच्या खिशातून पाच इयत्तांची पानं काढणारे. कुठल्या इयत्तेतलं काय काढायचं हे आम्ही रांगेत उभे राहून एकमेकांना विचारतो. तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं छपाईला जातील तेव्हा मुखपृष्ठाच्या आतलं पान मोकळं ठेवा आणि त्यावर हा तक्ता छापा. जागा कमी पडली तर संदेशपर मजकूर कमी करा.

कळावे,
आपली,
तीन मुलांची आई
दिग्रस, जि. यवतमाळ
जानेवारी २०२६

प्रत माहितीसाठी: मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे